युद्धात बंदी, चौकात परवानगी

‘पोलिसांनी अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या.’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय की त्याचं काही वाटेनासं झालंय. मला मात्र या नळकांडीचा इतिहास वाचल्यापासून एक प्रश्न छळतोय. जे शत्रूच्या सैनिकावर वापरायला बंदी आहे, ते आपल्याच नागरिकावर कसं चालतं?

ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रेंच सैनिकांनी जर्मनांवर अश्रुवायूचे हातगोळे फेकले. एप्रिल १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्रला क्लोरीन सोडला. युद्ध संपलं आणि अमेरिकी लष्कराच्या रासायनिक युद्ध विभागापुढे प्रश्न आला, आता आपलं काम काय? त्याचे प्रमुख एमॉस फ्राइज यांनी अश्रुवायूसाठी घरातच गिऱ्हाईक शोधलं: पोलीस. पुढे तो तुरुंगांतही पोचला. १९२५ च्या जिनिव्हा करारानं युद्धातल्या विषारी वायूंवर बंदी घातली, पण शहरांमधला वापर चालूच राहिला.

२८ जुलै १९३२. महायुद्धात लढलेले हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून होते. मंदीनं बेकार झालेले. त्यांचं म्हणणं एवढंच, की १९४५ साली मिळणारा बोनस आत्ताच द्या. जनरल मॅकार्थरच्या तुकड्यांनी त्यांना हुसकावलं, ते अश्रुवायू सोडून. सोबत बायका-मुलंही होती.

१९९३ च्या रासायनिक शस्त्रास्त्र करारात तर हे दुटप्पीपण कलमांतच आहे. अश्रुधूर युद्धाचं साधन म्हणून वापरायचा नाही. दंगल आवरायला मात्र चालेल. कारण दिलं जातं ते असं: रणांगणावर धूर दिसला की समोरचं सैन्य तो विषारी वायू समजेल आणि तसंच उत्तर देईल.

मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. हा युक्तिवाद डोळ्यांच्या जळजळीचा विचारच करत नाही, तो प्रत्युत्तराला घाबरतो. आणि चौकात उभ्या माणसाकडे प्रत्युत्तर नसतं.

आपल्याकडे सीमा सुरक्षा दलाचा अश्रुधूर कारखाना ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला १९७६ पासून आहे. ड्रोनवरून नळकांड्या टाकायची सोयही तिथेच विकसित झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधूर सोडला गेला. ड्रोनसुद्धा आधी लष्कराचंच हत्यार होतं. लष्कराकडून पुढची कुठली वस्तू पोलिसांकडे येईल, हे सांगता येत नाही. ती आली, तर तिचे नियम कोणाला घाबरून लिहिलेत, एवढं मी आधी बघेन.