उचल

नारायणगडावर एकादशीला आजी मला न्यायची. नगद नारायण महाराजांचा हा गड म्हणजे आमच्याकडची धाकटी पंढरी. दर्शन झालं की ओट्याला टेकून ती म्हाताऱ्यांच्या गोष्टी काढायची.

एक भगवानबाबांची. 1896 चा जन्म, इथल्याच माणिकबाबांचे शिष्य. पन्नाशी उलटल्यावर हा गड सोडला आणि पाथर्डीच्या हद्दीत नवा गड उभा केला. का सोडला, याची दर म्हाताऱ्याकडं निराळी गोष्ट. आजी एवढंच म्हणायची, "पाय चालतेत तवर मानूस कुटंबी जातं."

दुसरी रझाकारांची. 1948 पर्यंत आम्ही निजामाचे, नगर जिल्हा पलीकडचा. गावंच्या गावं रातोरात तिकडं निघाली. आजीची सासू मागं राहिली, गाभण म्हशीपायी.

तिसरी गोष्ट आजीची स्वतःची, पण ही ती सांगायची नाही; बरीचशी मी पाहिलेली आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडली, मग ऊसतोडीला लागली. दसरा झाला की निघायचं, पाडव्याच्या आगेमागे परतायचं. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल, म्हणजे मुकादमाकडून मिळणारे आगाऊ पैसे, त्या जोडीला. एका साली ट्रकला लावलेल्या फळीवरून आजी मोळीसकट घसरली. कमरेत धरलं ते धरलंच. पुढच्या दसऱ्याला मुकादमानं तिचं नाव घेतलं नाही.

म्हाताऱ्या माणसांचा गावात जीव अडकतो, असं शहरात फार ऐकतो. अडकत असेलही. आमच्या वाडीत मागं कोण राहणार हे मुकादमाची वही ठरवायची. आजी राहिली, मग शाळेसाठी आम्ही चार नातवंडं तिच्याकडं राहिलो, दोन शेळ्या राहिल्या. सहा महिने वाडीत म्हातारी आणि पोरंच. आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायला गडीमाणूस मिळायचा नाही.

आम्ही दहावी होऊन पांगलो. थोरल्या वहिनीला बाळ झालं. ते सव्वा महिन्याचं असताना दसरा आला. आई-बाप फडात गेल्यावर कोपीत बाळाजवळ कुणी हवं. आजी सत्तरीला टेकलेली. पिठाच्या गोण्या, खुराडं आणि पाण्याचा ड्रम यांच्या मधे तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं.

घराला तोवर कुलूप कधी लागलंच नव्हतं. ते त्या सकाळी बाजारातून विकत आणावं लागलं.