सार्वजनिक घर कुणाचे?

‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’ या शब्दाचे लघुरूप, हे आपण जाणतोच. सार्वजनिक घर! सरकारी सेवेत आयुष्य गेल्यामुळे ‘सार्वजनिक’ हा शब्द दिसला की त्यात कोण मोडतो आणि कोण वगळला जातो, हे तपासण्याची सवय आम्हांला जडली आहे. आयरिश पबचा इतिहासही आम्ही त्याच दृष्टीने वाचतो.

आयर्लंडच्या खेड्यांत वाणसामानाचे दुकान आणि पब पुष्कळदा एकाच छपराखाली असत. पुढे चहा, साखर, पीठ. मागे मद्याची पिंपे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची सुखदुःखे तेथेच बोलली जात. मात्र मुख्य बैठक पुरुषांची. स्त्रिया बसत त्या ‘स्नग’ नावाच्या आडोशाच्या लहानशा खोलीत.

1845 साली तेथील बटाट्यावर रोग पडला. त्यातून उद्भवलेल्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. अमेरिकेच्या शहरांत या स्थलांतरितांना गावाकडची बोली ऐकू येई आणि कामाची बातमी कळे, ती आयरिश मद्यगृहांत. न्यूयॉर्कचे मॅक्सॉर्लीज हे त्यांपैकीच एक. 1854 हे आपले स्थापनावर्ष असल्याचे ते सांगते. तेथे स्त्रियांना प्रवेश मिळाला तो मात्र 1970 साली, न्यायालयाच्या निर्णयानंतर. ज्यांनी स्वतः उपरेपण सोसले, त्यांच्याच घराचा उंबरठा निम्म्या समाजाला इतकी वर्षे बंद राहावा, हे आम्हांला अस्वस्थ करते.

दार उघडले कायद्याने. पण माणसे बसती झाली ती ताटामुळे. 1943 साली आयर्लंडमधील फॉइन्स येथे जो शेरिडन या आचाऱ्याने थंडीने गारठलेल्या विमानप्रवाशांना व्हिस्की घातलेली कॉफी दिली, ती ‘आयरिश कॉफी’ म्हणून जगभर गेली. 1991 साली लंडनच्या ‘द ईगल’ने पबमध्येच उत्तम स्वयंपाक मांडला आणि ‘गॅस्ट्रोपब’ हा शब्द रूढ झाला. आज अशा आयरिश गॅस्ट्रोपबात कॉकटेलच्या पेल्याशेजारी मटण-बटाट्याचा वाफाळता स्ट्यू येतो आणि न पिणाऱ्यालाही तेथे बसण्याचे कारण मिळते.

ज्या बटाट्याच्या नाशाने माणसे देशोधडीला लागली, तोच आज परक्या शहरात शेजाऱ्यांना एका मेजाभोवती बसवतो. घर सार्वजनिक आहे की नाही, हे परवान्यावरून कळत नाही. तेथे कोण निःसंकोच बसू शकतो, यावरून कळते.