मुंबईचे नाले : हलालखोर ते मक्तेदार

उर्दू माध्यमाच्या शाळेत फारसी प्रत्यय शिकवताना 'खोर' या प्रत्ययाशी आमची दरवर्षी गाठ पडते. खोर म्हणजे खाणारा. मराठीनेही तो आपलासा केला आहे : चुगलखोर, भांडखोर, लाचखोर. मुलांना 'हरामखोर' विचारला की अर्थ सांगायला वर्गातले सगळे हात वर होतात. 'हलालखोर' विचारला की एकही हात वर होत नाही. वास्तविक हा शब्द एकेकाळी मुंबई शहराच्या कायद्यात छापलेला होता, आणि त्या नावाचा एक करही होता.

हलालखोर म्हणजे हलालची रोटी खाणारा, आपल्या घामाची कमाई खाणारा. झाडूवाल्यांसाठी हे नाव बादशहा अकबराने रूढ केले, अशी नोंद अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. 'मेहतर' शब्दाची कथाही अशीच आहे. फारसीत मेहतर म्हणजे थोर, सरदार. ज्याला जवळ बसवायचे नाही त्याला मोठे नाव द्यायचे, ही आपल्या उपखंडाची जुनी रीत. अकबराचा हेतू चांगला असेलही. पण नाव बदलले तरी हातातला झाडू आणि डोक्यावरची पाटी तीच राहिली, आणि दोन-तीन शतकांत तो सन्मानाचा शब्दही शिवीच्या वाटेला लागला.

हा शब्द मुंबईच्या सरकारी दप्तरात गेला तो इंग्रजांच्या काळात. सात बेटांमधले पाणी बुजवून एक शहर उभे राहिले होते. भरतीच्या वेळी ज्याची पातळी समुद्राखाली जाते अशी बरीच जमीन त्यात होती. तिथले सांडपाणी उघड्या नाल्यांतून समुद्राकडे जायचे आणि भरती आली की उलटे घरांकडे यायचे. १८४५ मध्ये साफसफाईसाठी मंडळ नेमले गेले. १८६४ मध्ये डॉ. अँड्र्यू लीथ यांनी बेटाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, नवा कायदा झाला आणि आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. ज्यांच्या नावाची मंडई मुंबईत आहे तेच हे क्रॉफर्ड. मैला उचलण्याच्या कामासाठी घरमालकांकडून हलालखोर कर घेतला जाऊ लागला. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातही तो कायम राहिला. फार पुढे त्याचे नाव बदलून मलनिःसारण कर झाले. अकबराच्या दरबारातला शब्द घरपट्टीच्या बिलावर कितीतरी वर्षे छापला जात होता, हे आज मुंबईकरालाही ठाऊक नसते.

सरकारला या माणसांची गरज होती, तशी भीतीही होती. मुंबईत काम बंद पडले तर काय होते, याचा अनुभव घेतल्यावर १८९० मध्ये मुंबई इलाख्यात म्युनिसिपल नोकरांसाठी वेगळा कायदा आला. ज्यांच्या कामावर सार्वजनिक आरोग्य अवलंबून आहे अशा नोकराने पूर्वसूचनेविना काम सोडले तर तो गुन्हा ठरला. गिरणीतला कामगार चिडून गावी निघून गेला तर त्याचा पगार बुडे. झाडूवाला गेला तर त्याला शिक्षा होई.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग निघाला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. ऑक्टोबरमध्ये रोग्यांना घरातून जबरदस्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम निघाला आणि लोक शहर सोडून पळू लागले. तेव्हा कमिशनर स्नो यांनी सक्ती सैल केली. त्यामागचे एक मोठे कारण त्यांनीच नोंदवले आहे : हलालखोर आणि झाडूवाले पळाले असते तर शहर राहण्याच्या लायकीचे उरले नसते. शेठ, वकील, दलाल निघून गेले तरी मुंबई चालली असती, हे इंग्रज अंमलदाराला कळले होते. पुढच्या वर्षी, १८९७ मध्ये, हाच प्लेग आमच्या सातारा जिल्ह्यात पोचला. त्या काळी आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. मुंबईत रोजगाराला गेलेली आमच्याकडची माणसे घर गाठत होती, आणि रोगाचाही रस्ता तोच होता.

इथे आपल्या जमातीपुरते थोडे बोलले पाहिजे, कारण हा इतिहास सांगताना आपण इंग्रज आणि सवर्ण यांच्याकडे बोट दाखवून मोकळे होतो. उत्तर हिंदुस्तानात हलालखोर आणि लालबेगी या मुसलमान बिरादऱ्याही आहेत. मशिदीत सफ एक असते, खांद्याला खांदा लागतो. सफ मोडली की पुढे काय? सोयरिकीची गोष्ट निघाली, दावतचा दस्तरखान पसरला की अश्राफ-अर्जल हे शब्द कुणी उच्चारत नाही, पण ते पाळले मात्र जातात. राज्यघटनेखालच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तिच्यात आले. मुसलमान हलालखोर आजही बाहेर आहे. सरकार म्हणते, तुमच्या धर्मात जात नाही. आपण मंचावर मोठ्या अभिमानाने तेच सांगतो. त्या दोन्ही वाक्यांच्या मधल्या फटीत हा माणूस पडला आहे.

आता मक्त्याकडे येऊ. गझल वाचणाऱ्याला 'मक़ता' म्हणजे शेवटचा शेर, जिथे शायर आपले नाव गुंफतो. मराठीतला 'मक्ता' म्हणजे ठरीव रकमेवर घेतलेले काम. दोन्हींच्या मुळाशी अरबीतला एकच धातू आहे : कापणे, तोडणे. गझलेच्या मक़त्यात नाव येते. महापालिकेच्या मक्त्यात काम करणाऱ्याचे नाव जाते. ही कोटी नव्हे, हिशेबाची पद्धतच तशी आहे.

कायम नोकरीतल्या सफाई कामगाराचे नाव मस्टरवर असते. त्याला रजा, फंड, दवाखाना असतो. १९९० नंतर मुंबईत कचरा वाहण्याचे काम मोठ्या प्रमाणात कंत्राटाने दिले जाऊ लागले. १९७२ च्या दुष्काळापासून माण, खटाव, आटपाडी, जत सोडून मुंबईला जाणाऱ्यांची रीघ होती. मराठवाड्यातून तर गावेच्या गावे हलली होती. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, गिरणीत ओळख नव्हती, अशा दलित कुटुंबांच्या वाट्याला जे काम उरले ते हे. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा वीस किंवा अधिक माणसे ठेवणाऱ्या कंत्राटदाराला लागू होता. म्हणून कंत्राटे अठरा-एकोणीस माणसांची निघू लागली. पुढे 'हैदराबाद पॅटर्न' आला. त्यात कामगार 'स्वयंसेवक' झाले आणि मजुरीचे मानधन झाले. पुन्हा तेच : मोठे नाव द्यायचे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईतल्या पुष्कळांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले की आपल्या शहरात मिठी नावाची नदी आहे. तोवर ते तिला नालाच समजत होते. विहार तलावाच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत ती सुमारे १८ किलोमीटर वाहते. जिथे ती समुद्राला मिळते त्या माहीमलाच मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. हे मोठे आलिम १४३१ मध्ये वारले. त्यांच्या काळी ही खाडी केवढी रुंद असेल! १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला. तिच्या काठची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला काटकोनात वळवून जमिनीखालून नेले. पर्जन्यजलाच्या जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ती क्षमता दुप्पट करा असे सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ पासून तयार होता.

पूर ओसरल्यावर मात्र बोट गेले ते काठावरच्या झोपड्यांकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्यांकडे. कुर्ला आणि धारावीच्या काठावर आपली आणि दलितांची वस्ती दाट आहे. तेलाची पिंपे धुणारी वर्कशॉपे तिथे होती आणि त्यांचे काळे पाणी नदीतच जात होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण धावपट्टी काही झोपडीवाल्याने बांधली नव्हती.

त्याच आठवड्यात कृष्णाही फुगत होती. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेले. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये पुन्हा गावात शिरले. आमच्या शहराची मिठी म्हणजे शेरीनाला. शहराचे सांडपाणी घेऊन तो कृष्णेला मिळतो. हे पाणी उचलून धुळगावच्या शेतीला द्यायची योजना आली, तिच्यावर कोट्यवधी रुपये खर्च झाले, आणि नाला नदीत येतच राहिला. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत माशांचा खच पडला, तेव्हा साखर कारखाने आणि नाले यांच्यात दोष कुणाचा यावर बरीच चर्चा झाली. मुंबईचा इतिहास आम्ही इतक्या बारकाईने पाहतो तो यासाठीच. शहर लहान असले तरी नाल्याचा कारभार सारखाच असतो.

२००५ नंतर मुंबईत नालेसफाईची कंत्राटे फुगत गेली. रीत अशी की ठरलेल्या गाळापैकी सुमारे ८० टक्के पावसाळ्यापूर्वी, ३१ मेपर्यंत, काढायचा आणि उरलेला पावसात व नंतर. पैसे मिळतात ते काढलेल्या गाळाच्या वजनावर. ही एक गोष्ट समजली की बाकीचे उलगडते. गाळ जड असतो, तरंगता कचरा हलका. पाण्याच्या बाटलीला भंगारात भाव आहे, म्हणून ती कचरा वेचणारी बाई आधीच उचलते. शांपूची पुडी, वेफर्सचे पाकीट, पातळ पिशवी यांना भावही नाही आणि वजनही नाही. त्यामुळे त्या नाल्यातच राहतात, पहिल्या पावसाबरोबर समुद्रात जातात आणि भरतीला मरीन ड्राइव्हवर परत येतात. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली तरी हे थांबले नाही. मग महापालिकेने नाल्यांवर तरंगते अडसर टाकले आणि पाण्यावरचा कचरा गोळा करणारी यंत्रे आणली. म्हणजे तरंगत्या कचऱ्याचे वेगळे कंत्राट. मक्ता असा पाण्याच्या तळापासून पृष्ठभागापर्यंत पसरला.

वजनावर पैसे म्हटले की वजनाची पावती आली, आणि पावती आली की खोटी पावतीही. २०१५ मध्ये महापालिकेच्याच चौकशीत नालेसफाईतले गैरव्यवहार उघड झाले आणि अभियंते निलंबित झाले. मे २०२५ मध्ये मिठीच्या गाळाबाबत पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंत्राटदार आणि पालिकेचे अधिकारी यांच्यासह तेरा जणांवर गुन्हा नोंदवला. आरोप सुमारे ६५ कोटींच्या नुकसानीचा आहे. गाळ ज्या जमिनींवर टाकल्याचे दाखवले, त्यांच्या करारांची कागदपत्रेच बनावट असल्याचे तपास सांगतो. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. त्याच वर्षी गाळाच्या चित्रफिती तपासायला पालिकेने कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. ट्रक किती भरला, हे यंत्र आता पाहते. ट्रक भरणाऱ्याच्या पायात गमबूट आहेत की नाहीत, हे पाहायला त्याला कुणी सांगितलेले नाही.

कंत्राट वाईट आणि कायम नोकरी चांगली, इतकी सोपी ही गोष्ट नाही. जकार्ता हे मुसलमानांच्या सर्वांत मोठ्या देशातले, समुद्रकाठचे, नद्यांनी भरलेले शहर. तिथेही कालवे कचऱ्याने तुंबत. बासुकी पुर्नामा उर्फ अहोक हे २०१४ ते २०१७ गव्हर्नर असताना नारिंगी गणवेशातली सफाई पथके वाढवली गेली. ती माणसेही तेव्हा वर्षाच्या करारावर असत. पण हा करार प्रांतिक सरकार थेट माणसाशी करते, मध्ये मक्तेदार नसतो, आणि प्रांताचे किमान वेतन त्याच्या हाती पडते. दरवर्षी पुन्हा अर्ज करण्याची टांगती तलवार तिथेही होतीच. तरी करारावर नाव माणसाचे आहे, टनाचे नाही.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोझ शाह हे शेजाऱ्याला घेऊन कचरा उचलायला उतरले. पुढे शेकडो लोक आले, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला, नंतर त्यांनी मिठीलाही हात घातला. आपल्यातल्या एका माणसाने हे केले याचा आम्हाला अभिमान आहे, शाळेत आम्ही ते आवर्जून सांगतो. पण रविवारी हौसेने वाकणारी पाठ वेगळी आणि रोज पोटासाठी वाकणारी वेगळी. पहिलीला टाळ्या मिळतात, आणि त्या मिळाव्यातही.

दुसरीला काय मिळाले, त्याची हकीकत अशी. कचरा वाहतूक श्रमिक संघाने २००७ मध्ये मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा दावा औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेला. कंत्राट हा देखावा आहे, खरा मालक महापालिकाच, हे त्यांचे म्हणणे. २०१४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पालिका उच्च न्यायालयात गेली, मग सर्वोच्च न्यायालयात. ७ एप्रिल २०१७ रोजी तिथेही कामगार जिंकले. तोवर काही जण वारले होते. जे उरले त्यांना कायम करताना कागदपत्रे जुळवायला घेतली, तेव्हा पुष्कळांची नावे जुळेनात. मुकादमाने वर्षानुवर्षे ऐकून जशी लिहिली तशी ती यादीत होती : कुठे आडनाव नाही, कुठे बापाचे नाव वेगळे, कुठे एखाद्या अक्षराचा फरक. त्या फरकापायी अनेकांना खटला जिंकूनही पुढे कितीतरी काळ कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागल्या.