एका अर्जाचा इतिहास

गेल्या श्रावणात आमच्या गावच्या शिष्यवृत्ती-निधीच्या जुन्या लाकडी कपाटाला वाळवी लागली आणि आतले कागद उन्हात घालण्याचे काम माझ्याकडे आले. ह्या निधीचा मी एके काळचा लाभार्थी, पुढे बरीच वर्षे त्याच्या निवड-समितीचा सभासद, आणि पेशाने इतिहासाचा मास्तर. तेव्हा जुने कागद म्हणजे माझेच काम, असे इतरांनी गृहीत धरले होते. ओसरीवर सतरंजी अंथरून एकेक पुडके सोडीत बसलो. वर्षवार बांधलेले अर्ज, लाल दोरा, टाचण्यांचा गंज कागदात उतरलेला. १९६३ सालचे पुडके हाती आले तेव्हा हात जरा थबकला. त्यात माझा अर्ज असणार हे मला ठाऊक होते. आणखी एक अर्ज असणार हेही ठाऊक होते.

त्या अर्जांकडे वळण्यापूर्वी वाचकांना थोडे मागे न्यावे लागेल. विद्येसाठी मदत मागावी, देणाऱ्याने मागणाराची पारख करावी आणि मग हातावर काही ठेवावे, ही रीत इंग्रजांनी आणली असा एक समज आहे. इंग्रजांनी आणला तो छापील कागद. रीत आपलीच, आणि जुनी.

श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा परिपाठ खंडेराव दाभाड्यांनी तळेगावास पाडला. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि तो परिपाठ पेशव्यांनी पुण्यास नेला. पुढे गर्दी इतकी वाढली की पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांस आत घेऊन दार लावीत आणि एकेकास बाहेर सोडताना त्याच्या हातावर दक्षिणा ठेवीत. ज्यांची विद्या मोठी त्यांना अर्थात निराळा मान होता. पण रमण्याच्या दारापर्यंत कोणी यावे हे मुळातच ठरलेले होते. परीक्षा होई ती दारातून आत आलेल्याची. अर्ज नव्हता, अर्जदार मात्र होता.

१८१८ मध्ये राज्य गेले तरी एल्फिन्स्टनसाहेबाने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तेवढा धूर्तपणा त्याच्यापाशी होता. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि दक्षिणेच्या पैशाला हळूहळू शाळेचे वळण लागले. पुढे १८४९ मध्ये पुण्यातील काही सुधारकांनी सरकारकडे एक अर्ज केला: ह्या दक्षिणेतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारास मिळावा, मग तो कोणत्याही जातीचा असो. केवढी खळबळ उडाली असेल ह्याची कल्पना वाचकांनी करावी! तरी त्यातूनच दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली आणि कालांतराने कॉलेजांतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे हे त्या फेलोंपैकी एक. रमण्यात दाराशी उभ्या असलेल्या भटजींची रांग आणि वर्गात शिकविणारे तरुण रानडे ह्यांच्यामध्ये एकाच पैशाचा ओघ वाहत आहे, हे लक्षात आले की इतिहासाची मौज वाटते.

पण साऱ्यांना कुठली फेलोशिप? बहुतेक गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात उंबरठे. माझे वडील १९३०च्या सुमारास पुण्यास असेच शिकले. त्यांचा गुरुवार रिकामा होता. म्हणजे गुरुवारी उपास. लोकांना वाटे, मुलगा दत्तभक्त आहे. वाराच्या घरी काही लिहून द्यावे लागत नसे, पण पाणी भरावे लागे, धाकट्या मुलांचे पाढे घ्यावे लागत आणि ताटात पडेल ते गोड मानून घ्यावे लागे. वडील पुढे आयुष्यभर पानात काही टाकीत नसत. ती शिस्त होती की भीती, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

छापील नियमांच्या शिष्यवृत्तीचे युग आले त्याचे ठळक उदाहरण म्हणजे नाना शंकरशेट ह्यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती. नाना १८६५ मध्ये वारले आणि त्यांच्या मागोमाग ती सुरू झाली. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणारास ती मिळे, आणि ‘शंकरशेट स्कॉलर’ ही उपाधी मध्यमवर्गीय घरांतून पुढची साठ-सत्तर वर्षे मोठ्या अभिमानाने उच्चारली जाई. १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी ती मिळविली. ह्या शिष्यवृत्तीत जातीचा अडसर असा नव्हता. जो पहिला येईल त्याची ती. परंतु त्याच काळात मुंबईत शाळेत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना इच्छा असून संस्कृत घेता आले नाही, फारसी घ्यावी लागली. अस्पृश्याच्या मुलास संस्कृत कोण शिकविणार! १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. नियमात एक अक्षर वावगे नसताना दार कसे बंद राहते ते ह्यापेक्षा अधिक स्पष्ट करून सांगता येणार नाही.

आंबेडकरांना पुढे सयाजीराव गायकवाडांनी हात दिला. कॉलेजात असताना दरमहा पंचवीस रुपये, आणि १९१३ मध्ये अमेरिकेस जाण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली: शिक्षण आटोपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. त्या नोकरीचे पुढे काय झाले, बडोद्यात त्यांना राहावयास जागा कशी मिळाली नाही, हे सर्वश्रुत आहे. देणारा उदार होता, घेणारा असामान्य होता, आणि तरीही दोघांच्या मध्ये जे गाव होते ते गावच राहिले.

हे सारे घडण्याच्या कितीतरी आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणाविषयी ते काय म्हणाले ते सर्वांना पाठ आहे. शिष्यवृत्त्यांविषयी म्हणाले ते फारसे कोणी वाचीत नाही. सरकारी शिष्यवृत्त्यांची चालू पद्धत, ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे अशाच वर्गांना पुढे ढकलते. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे हे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्याने इतर वर्गांत विद्या पसरत नाही. तेव्हा काही शिष्यवृत्त्या विद्येचा स्पर्श न झालेल्यांसाठी राखून ठेवाव्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मी विद्यार्थ्यांना फुले तीस वर्षे शिकविले. हा परिच्छेद मात्र मी नोकरीच्या शेवटी शेवटी नीट वाचला, हे कबूल केले पाहिजे.

ज्ञातीपुरत्या निधींना हसणे आज सोपे आहे. पण कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे काढली, ती संकुचितपणाने नव्हे. एका पंगतीला मुले बसत नव्हती आणि जी बसत होती ती एकाच जातीची होती. म्हणून प्रत्येकास आपापले छप्पर. १९२४ मध्ये साताऱ्यास भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका बोर्डिंगात ठेवली, तेव्हा कुठे त्या पंगतीला दुसरा पर्याय दिसू लागला. आमच्या गावचा निधी त्याच दशकातला. मुंबईस व्यापारात चार पैसे मिळविलेल्या एका गृहस्थाने पत्नीच्या स्मरणार्थ ठेवलेला. न्यासपत्रात एक वाक्य होते: लाभ ‘आमच्या ज्ञातीच्या होतकरू व गरीब मुलांस’ द्यावा. शाहूंच्या वसतिगृहांना जे कारण होते ते आमच्या ज्ञातीला होते काय? नव्हते. आमच्या घरांतून तीन पिढ्या मामलेदार आणि मास्तर निघत होते.

आता १९६३. यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दीत बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांस फी माफ झाली होती. पण कॉलेज होते जिल्ह्याच्या गावी. फी माफ झाली, पोटाची माफी कोणते सरकार देणार? खाणावळीचे महिना चाळीस रुपये हाच खरा प्रश्न होता, आणि निधी तेवढेच देई.

अर्ज फुलस्केप कागदाच्या दोन्ही अंगांस सायक्लोस्टाइल केलेला. नाव, जात व पोटजात, वडिलांचा धंदा, उत्पन्नाचा दाखला, घरात खाणारी माणसे किती, कमावती किती, आणि शेवटी दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या शिफारशी. हे शेवटचे कलम कोणी घातले असेल त्याला मी आजही नमस्कार करतो! ज्याच्या ओळखीत दोन प्रतिष्ठित गृहस्थ आहेत तो खरोखर किती गरीब असेल? वडिलांनी मला एका वकिलांकडे नेले. त्यांचे जेवण होईपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो. वडील मास्तर, पण त्या ओट्यावर ते पुन्हा वारकरी मुलगा झाले होते, पंढरीचे नव्हे, पुण्याच्या सात घरांचे.

मुलाखतीत अध्यक्षांनी विचारले, “रामरक्षा येते का?” मी म्हणून दाखविली. गणिताचे गुण कोणी विचारले नाहीत. शिष्यवृत्ती मिळाली.

माझा एक वर्गमित्र होता. एस. एस. सी.ला त्याला माझ्यापेक्षा सत्तावीस गुण अधिक. वडील बाजारात हमाली करीत. हेडमास्तरांनी त्याला सांगितले, अर्ज करायला काय जाते? त्याने अर्ज केला. मुलाखतीचे बोलावणे आले नाही, नकारही आला नाही. जूनच्या शेवटी तो आमच्या घरी येऊन विचारून गेला, “तुला पत्र आलं का?” मी हो म्हणालो. तो म्हणाला, “मग मलाही येईल.” पुढे तो एका अडत दुकानात वजनाच्या काट्यावर बसला, आणि मग एस. टी.त कंडक्टर झाला. त्याच्या गाडीने मी सुटीत घरी येई तेव्हा तो माझे तिकीट फाडी आणि सुटे पैसे अगदी नेमके परत करी.

समितीवर आलो तेव्हा न्यासपत्रातले ते वाक्य बदलावे असे मला वाटत होते. पहिली चार वर्षे मी तोंड उघडले नाही. उघडले तेव्हा वडीलधारे म्हणाले, “दात्याची इच्छा मोडायची?” हा प्रश्न पोकळ नव्हता, मेलेल्या माणसाचा पैसा त्याच्या शब्दाबाहेर खर्चणे ही साधी गोष्ट नव्हे. पण १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात, मूळ हेतू तसाच चालविणे लोकहिताचे नसेल तर न्यायालयाकडून फेरफार मागण्याची वाट आहे. म्हणजे निधीलाच अर्ज करावा लागला! कागदपत्रे, प्रतिज्ञापत्रे, तारखा. आमचे अध्यक्ष कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर पुकाऱ्याची वाट पाहत बसले होते, तेव्हा मला वकिलांचा ओटा आठवला. शेवटी ज्ञातीचे शब्द गेले. शिफारशींचे कलम मी नंतर काढविले.

पुडक्यातला त्याचा अर्ज उलगडला. वळणदार अक्षर, कोठे खाडाखोड नाही. शिफारशींच्या जागी एकच सही, हेडमास्तरांची. समासात पेन्सिलीने लिहिलेले: ‘गुण उत्तम. पत्रानुसार अपात्र.’

दप्तरातला कागद बाहेर नेऊ नये असा निधीचा नियम आहे. तो मी मोडला आणि दुसऱ्या दिवशी तो अर्ज घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने चष्मा पुसून दोन्ही बाजू सावकाश वाचल्या. पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसला.

“म्हणजे वाचला होता तर,” तो म्हणाला. “मला इतकी वर्षं वाटत होतं, उघडलासुद्धा नसेल.”

मग मूळच्या घड्यांवर नीट घडी घालून त्याने तो माझ्या हातात परत दिला आणि सुनेला चहा ठेवायला सांगितले.