शर्यत न जिंकलेले घोडे

आमच्या लहानपणी पायात गंजका खिळा घुसला, की दवाखान्यात आधी कातडीखाली थेंबभर औषध टोचून वाट पाहत. गांधी उठली नाही, तरच पुरते इंजेक्शन मिळे. धनुर्वाताचे ते औषध घोड्याच्या रक्तातून येते, हे आम्हा पोरांना कोणी सांगितले नव्हते. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्राचा इतिहास धुंडाळताना ती टोचणी आठवली.

हे केंद्र सोली पूनावाला यांनी १९४६ मध्ये सुरू केले. शर्यतीचे घोडे, म्हणजे थरोब्रेड, तयार करणे हा त्याचा हेतू. या जातीची वंशावळ पितृपक्षाकडून अठराव्या शतकाच्या आसपास इंग्लंडात आणलेल्या तीन पौर्वात्य नरांपर्यंत मागे नेता येते, आणि तिचे नियम सोवळ्यासारखे कडक. कृत्रिम रेतनाने जन्मलेल्या शिंगराची वंशपुस्तकात नोंदच होत नाही. घोडीचा गर्भ अकरा महिन्यांचा, वेताला एकच शिंगरू. त्याचा वाढदिवस धरायचा तो १ जानेवारीलाच; म्हणून शिंगरू वर्षारंभी जन्मावे अशी मालकाची धडपड. डिसेंबरअखेर जन्मलेले बिचारे चार दिवसांत एक वर्षाचे होऊन बसते!

एवढा आटापिटा करूनही जिंकणारे थोडेच. पुणे-मुंबईच्या मैदानांवर घोडा धावतो ती मोजकी वर्षे. जगतो मात्र वीस-पंचवीस वर्षे. उत्तम घोड्या पैदाशीसाठी परत येतात, नरांपैकी अगदी निवडक राखले जातात. बाकीच्यांचे काय करायचे? अश्वपैदासीचा इतिहास लिहिणारे बहुधा इथे पान उलटतात. ढाली-करंडकांच्या याद्या वाचून मी तरी लवकर कंटाळतो. या उरलेल्या घोड्यांपाशी मात्र थांबावेसे वाटते.

पूनावालांचे असे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. १८९६ च्या प्लेगच्या वेळी उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेतून परळची ही सरकारी संस्था घडली. तिथे घोड्यांपासून रक्तद्रव काढत. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिलेल्या तत्त्वावर ही रीत उभी आहे : जनावराला विष सोसेल इतक्या, हळूहळू वाढत्या मात्रेत टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते, ते वेगळे करून माणसाला द्यायचे. घोडा यासाठी सोयीचा, कारण अंगात रक्त भरपूर आणि माणसाची सवय. उंची कुळाची मात्र इथे काही गरज नाही. टांग्याचे तट्टूही तेच काम करते.

सोलींचे पुत्र सायरस यांना तरुणपणीच वाटू लागले होते, की समाजवादी भारतात शर्यतींना भवितव्य नाही. त्यांनी स्पोर्ट्स कार बनवण्याचाही घाट घालून पाहिला. पुढे एका पशुवैद्याशी बोलताना त्यांच्या ध्यानात आले, की घोडे आपले आणि औषध दुसऱ्याचे, असे कशाला? १९६६ मध्ये त्यांनी हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट काढली. पहिले उत्पादन धनुर्वाताचे प्रतिविष.

ही गोष्ट एका क्षणी सुचलेल्या कल्पनेची म्हणून सांगितली जाते. मला ती तेवढीच वाटत नाही. जनावराचा आहार, ताप, वेत, औषध यांवर रोज लक्ष ठेवणारी माणसे त्या तबेल्यात वीस वर्षे घडत होती. नवा कारखाना काढणाऱ्याला ही शिस्त विकत मिळत नाही. तिला जुने घर लागते. आणि ज्या घोड्यांना शर्यतीच्या हिशेबात किंमत उरली नव्हती, त्यांनीच त्या घराची दिशा बदलली.

पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे : त्रिगुणी लस, गोवर आणि अलीकडे कोविशील्ड. या लशींना घोडा लागत नाही. धनुर्वाताची लस सर्रास टोचली जाऊ लागल्यावर खिळा लागलेल्या मुलालाही त्याच्या रक्ताची गरज फारशी उरली नाही. पूनावालांचे घोडे आजही शर्यती जिंकतात, वर्तमानपत्रांत त्यांची नावे येतात.

मात्र घोड्याची सुटका अजून पुरती झालेली नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या दंशावर आपल्या ग्रामीण रुग्णालयात जी बाटली फोडतात, तिच्यातले औषध आजही घोड्याच्याच रक्तातून आलेले असते.