सिरोंचाची भाषा बिघडलेली नाही

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरच्या सिरोंचाविषयी जाणती माणसंही एक मत सहज ऐकवतात: गाव धड मराठी नाही, धड तेलुगू नाही, सीमेवर पडल्यामुळे भाषा बिघडली, चालीरीतींची सरमिसळ झाली. या मतात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. सीमा आधीपासून होती, आणि मिसळणं म्हणजे मूळ रूपाची झीज. दोन्ही टिकत नाहीत.

सीमेचं आधी पाहू. १८६० साली इंग्रजांनी अप्पर गोदावरी जिल्हा केला, तेव्हा सिरोंचा हेच त्याचं मुख्य ठाणं होतं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडलं गेलं. सिरोंचा तहसिलीतले नुगूर, अल्बाका, चेर्ला हे भाग पुढे मद्रास इलाख्यात गेले. भाषावार प्रांतरचना त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. तेव्हा सिरोंचा सीमेवर जाऊन वसलेलं नाही, सीमा त्याच्या अंगावरून आखली गेली. गोदावरीपलीकडचं कालेश्वर या काठच्या भाविकांनाही कधी परकं नव्हतं.

आता भाषेचं. रेवदंड्याजवळच्या कोरलईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून खरोखरच एक नवी मायबोली जन्मली. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये शेजारचं चौल सोडलं, तरी ती बोली घरांत टिकून राहिली. अभ्यासक तिला क्रिओल म्हणतात ते योग्यच. सिरोंचात तसं घडलं नाही. घरात तेलुगू, तहसील कचेरीत मराठी, बाजाराला आलेल्या माडिया गोंड माणसाशी जमेल तितकी गोंडी: एकच माणूस दिवसभरात हे सगळं करतो आणि कुठे काय बोलायचं यात चुकत नाही. याला बिघाड म्हणायचं कसं?

यावर आक्षेप येतो की चालीरीती तरी तेलंगणातून उसन्या घेतलेल्याच ना? बतुकम्माच्या दिवसांत ताटात फुलांचे थर रचून बायका गाणी म्हणत फेर धरतात, तो सण तेलुगूच आहे, हे मान्य. पण मामे-आतेभावंडांची सोयरीक घ्या. ती तेलुगू घरांत आहे, गोंडांत आहे, मराठी मुलखातल्या कित्येक जातींतही आहे. त्यात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे ठरवायचं कशावरून? गोंडी आणि तेलुगू तर एकाच द्राविड कुळातल्या.

आणि शुद्धतेचीच फूटपट्टी लावायची, तर चंद्रपूरचं काय करणार? तिथलं महाकालीचं देऊळ गोंड राणी हिराईनं उभारलं, आणि नवरा बीरशहाची घुमटाची समाधीही तिनंच. चैत्राच्या यात्रेला नांदेडकडचे भाविक लोटतात, तेलंगणातलेही येतात. त्याला मात्र आपण वैभव म्हणतो.

हा दुजाभाव शाळेत सर्वात जास्त बोचतो. पहिलीत तेलुगू बोलत आलेलं लेकरू ‘कच्चं’ ठरतं. मराठी त्याला शिकवायलाच हवी, पण पहिलं वर्षभर त्याचं तेलुगूतलं उत्तरही बरोबर धरा.