गोमंतकातील राजांगणाचे घर

घर बांधावयास निघालेला आजचा गृहस्थ प्रथम दर्शनी भागाचे चित्र काढतो. आमच्या पूर्वजांनी प्रथम पावसाचा विचार केला. गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यापैकी बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. अशा भूमीत कसे राहावे, या प्रश्नाला येथील गवंड्यांनी व सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या जे उत्तर दिले ते म्हणजे राजांगणाचे घर होय. गृहरचनेचा श्रीगणेशा करू इच्छिणाऱ्या वाचकांस आम्ही याच घराच्या उंबरठ्यावर नेऊ इच्छितो.

या घराचे जोते उंच, कारण पागोळ्यांचे उडणारे पाणी भिंतीस लागता कामा नये. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या. हा दगड खाणीतून काढतेवेळी मऊ असतो. वारा-ऊन लागले की कठीण होतो. छप्पर उतरते, त्याच्या वळचणी भिंतीच्या बाहेर दूरवर आलेल्या. पूर्वी त्यावर गावठी नळे असत. १८६५ साली मंगळुरास बासेल मिशनचा कारखाना निघाल्यानंतर तेथील चपटी कौले किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. काच दुर्मीळ होती, म्हणून खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने बसवीत. त्यांतून येणारा प्रकाश दुधासारखा सौम्य असतो.

घराचे मर्म मात्र मध्यभागी आहे. चारही बाजूंच्या वसऱ्या, देवघर, स्वयंपाकघर व माजघर यांची तोंडे राजांगणाकडे असतात. तापलेली हवा तेथून वर निघून जाते आणि आतल्या खोल्यांना उजेड मिळतो. चार छपरांचे पाणी तेथेच उतरते. म्हणून ते बाहेर नेणाऱ्या गटाराचा उतार पायाबरोबरच ठरवावा लागे. मध्यभागी तुळशीवृंदावन असे. देवालयाच्या प्रांगणात जे आपण पाहतो, तेच लहान प्रमाणात घरात उतरलेले असे.

या तुळशीला इतिहास आहे. तिसवाडी १५१० साली व बारदेश-साष्टी १५४३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. पुढे देवालये पाडली गेली तेव्हा भक्तांनी मंगेशास कुठ्ठाळीहून प्रियोळास व शांतादुर्गेस केळशीहून कवळ्यास नेले. तो अंत्रूज महाल पोर्तुगीजांकडे गेला तो १७६३ साली. मागे राहिलेल्या प्रदेशात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता. त्याच्या १७३६ च्या फर्मानाने बाटलेल्या कुटुंबांना अंगणात वा परसात तुळस लावण्याचीही मनाई केली.

तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या कुटुंबांतील अनेकांच्या घरांत चिरे, उतरते छप्पर व आतील चौक तसाच राहिला. तुळस गेली आणि घरासमोर क्रूस आला. घराचा आराखडा भूमी ठरविते, तर त्याच्या मध्यभागी काय असावे हे माणसाची श्रद्धा ठरविते. म्हणूनच सत्तेने हात घातला तो भिंतींना नव्हे, तुळशीला.

आज राजांगणावर कोणाचे फर्मान नाही. ते आम्हीच बुजवीत आहो. भावाभावांत वाटण्या होतात, चौकात भिंत उभी राहते, वर पत्रे चढतात आणि भर दुपारी आत दिवा लावावा लागतो. जुने घर राखणे ज्यांना शक्य आहे त्यांनी निदान हा चौक तरी उघडा ठेवावा.

ज्यांना नवे बांधावयाचे आहे त्यांनी पावसाळ्यात एकदा आपल्या जागेवर उभे राहावे. पाणी कोठून येते, कोठे जाते, वारा कोणत्या बाजूने लागतो, हे पाहून मगच कागद हाती घ्यावा. जागा चार हातांची असली तरी तिच्यात आकाशाला थोडा वाटा द्यावा, आणि तुळशीचे स्थान आधी ठरवून खोल्या तिच्याभोवती मांडाव्या. असे घर लहान असले तरी त्यात सांजवात लावताना सारे घर एका जागी जमेल.